झोपलेल्या पायांशी गप्पा

डोळे मिटा आणि ताईला किंवा दादाला सांगा, "माझ्या पायाला एक टिचकी मार." कळलं ना लगेच? हे 'लगेच' म्हणजे नक्की किती, तेही मोजलेलं आहे बरं का! घोट्याजवळच्या नसेला विजेचा हलकासा झटका दिला, तर तो निरोप पाठीच्या कण्यातून चढत मेंदूपर्यंत साधारण ४० मिलिसेकंदांत पोचतो. एका सेकंदाचे हजार भाग केले, तर त्यातले चाळीस. माणूस उंच असेल तर थोडे जास्त, ठेंगणा असेल तर थोडे कमी.

आता खरी गंमत ऐका. माणूस भूल देऊन गाढ झोपवलेला असला, तरी हा निरोप मेंदूकडे जातच राहतो! त्याला स्वतःला काही कळत नाही, पण नसा आपलं काम करत असतात. डॉक्टर याचाच फायदा घेतात.

कशासाठी? काही मुलांचा पाठीचा कणा वयाच्या दहा वर्षांनंतर, उंची भराभर वाढते त्या काळात, एका बाजूला वाकू लागतो. याला स्कोलिओसिस म्हणतात. (दप्तराच्या ओझ्यामुळे हे होत नाही. दप्तर हलकं हवंच, पण त्याची कारणं वेगळी!) बहुतेकांना शस्त्रक्रिया लागत नाही. कणा फारच वाकला, तर मात्र डॉक्टर मणक्यांत स्क्रू बसवतात, त्यांना धातूच्या सळया जोडतात आणि कणा सरळ करत आणतात.

कण्याच्या आतून जातो मज्जारज्जू. जाडी जेमतेम करंगळीएवढी, आणि हातापायांचे सगळे निरोप त्यातूनच ये-जा करतात. कणा सरळ करताना मज्जारज्जू ताणला गेला किंवा त्याचा रक्तपुरवठा कमी झाला, तर पाय लुळे पडू शकतात. आणि पेशंट तर झोपलेला. "डॉक्टर, माझा पाय बधिर होतोय," हे सांगणार कोण?

फ्रान्समधल्या स्टान्यारा नावाच्या डॉक्टरांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७३ साली यावर एक धाडसी उपाय जाहीर केला. सळई बसवून झाली की पेशंटला चक्क अर्धवट जागं करायचं! आधी सांगायचं, "हात आवळ." हात आवळला म्हणजे त्याला ऐकू येतंय, समजतंय. मग, "आता पाय हलव." हात हलला पण पाय हलला नाही, तर गडबड कण्यात आहे. किती साधी आणि हुशार परीक्षा! पण ती फक्त त्या एका क्षणाचं सांगते. पेशंटला पुन्हा झोपवल्यावर काही बिघडलं तर?

म्हणून आता ऑपरेशन थिएटरमध्ये एक वेगळा माणूस संगणक घेऊन बसतो. पेशंटच्या घोट्यांना आणि मनगटांना तारा, डोक्याच्या कातडीत बारीक सुया. घोट्याला झटका द्यायचा आणि ४० मिलिसेकंदांनी डोक्यावर उत्तर उमटतंय का पाहायचं. अडचण अशी, की हे उत्तर फारच बारीक असतं, एका व्होल्टच्या दहा लाखाव्या भागाच्या आसपास. मेंदूचा स्वतःचा गलका त्याच्या कितीतरी पट मोठा. मग ते सापडतं कसं? मधल्या सुट्टीत वर्गात आरडाओरडा चाललाय आणि एक मुलगी दर सेकंदाला, ठरल्या क्षणी, तोच शब्द पुटपुटतेय असं समजा. एकदा ऐकून काहीच कळणार नाही. पण शेकडो सेकंदांचं रेकॉर्डिंग एकावर एक ठेवून सरासरी काढली, तर इतरांचा गोंगाट एकमेकांत विरून जाईल आणि तिचा शब्द तेवढा वर येईल. संगणक अगदी हेच करतो.

पण एवढ्यावर भागत नाही. पायाकडून मेंदूकडे जाणारा हा निरोप मज्जारज्जूच्या मागच्या भागातून चढतो. मेंदूचे 'पाय हलव' असे हुकूम मात्र दुसऱ्या भागातून उतरतात, आणि त्यांचा रक्तपुरवठाही बराचसा वेगळा. वर जाणारा रस्ता ठणठणीत आणि खाली येणारा बंद, असंही होऊ शकतं. म्हणून उलटी परीक्षाही घेतात. डोक्यावरून काही शे व्होल्टचे अगदी क्षणिक झटके द्यायचे आणि पायाच्या स्नायूंत हालचाल उमटते का ते बघायचं. कवटी न उघडता असं करता येतं, हे मर्टन आणि मॉर्टन यांनी १९८० साली दाखवून दिलं. या झटक्याने जबडाही घट्ट मिटतो. जीभ चावली जाऊ नये म्हणून दातांमध्ये आधीच मऊ गुंडाळी ठेवतात.

भूलतज्ज्ञांची इथे मोठी कसरत असते. स्नायू सैल करणारं औषध जास्त झालं तर पाय उत्तरच देणार नाही. कमी पडलं तर पेशंट नको तेव्हा हलेल.

समजा, संगणकाच्या पडद्यावर वरखाली होणाऱ्या रेघेसारखं उमटणाऱ्या उत्तराची उंची एकदम निम्मी झाली, किंवा ४० ऐवजी ४४ मिलिसेकंद लागू लागले. संगणकापाशी बसलेला माणूस लगेच सांगतो, "थांबा!" मग सुरू होतो तपास. तार निघाली का? रक्तदाब उतरला का? अंग गार पडलंय का? हातांची उत्तरंही मंदावली असतील तर संशय भुलीवर. हात ठीक आणि फक्त पाय गप्प असतील, तर संशय कण्यावर. मग सर्जन सळईचा ताण सैल करतात, भूलतज्ज्ञ रक्तदाब वाढवतात आणि उत्तर परत येण्याची वाट पाहतात. मला विचाराल तर या खोलीतलं सगळ्यात मोलाचं यंत्र म्हणजे 'थांबा' म्हणणाऱ्या माणसाचे कान-डोळे. नुसती रेघ कुणाला वाचवत नाही.

अशी पाळत कण्यापुरतीच नसते. कानाजवळच्या गाठी काढताना तर लाउडस्पीकरच लावतात. तिथून जाणाऱ्या चेहऱ्याच्या नसेला धक्का लागला की खरखर ऐकू येते आणि सर्जनचा हात थबकतो.

मेंदूच्या काही शस्त्रक्रियांत मात्र पेशंटला सरळ जागंच ठेवतात. त्याला चित्रं दाखवून नावं विचारतात, बोटं हलवायला सांगतात. २०१७ मध्ये बंगळुरूत एका गिटारवादकाने मेंदूवर शस्त्रक्रिया चालू असताना गिटार वाजवली होती. वाजवताना त्याची बोटं आखडायची, आणि मेंदूतली नेमकी जागा सापडली की नाही, हे वाजवल्याशिवाय कळणार नव्हतं. दुखलं नसेल? मेंदूला स्वतःला दुखणं कळतच नाही. डोक्याच्या कातडीला कळतं, म्हणून तिला इंजेक्शन देऊन बधिर करतात.