लाईट-पाणी धरून भाडे : आकडा ऐकून हुरळू नका

सोयाबीनचे पैसे आले की पोराची फी आणि पुण्यातले भाडे आधी बाजूला काढायचे, हा आता आपल्याकडे घरोघरचा हिशेब झाला आहे. खर्च दरमहा, आणि पैसा येणार हंगामाला. त्यामुळे एजंटाने "लाईट, पाणी, मेंटेनन्स सगळं धरून इतके" असा एकच आकडा सांगितला की बापाला बरे वाटते. त्यात चूक काही नाही. पण त्या "सगळं धरून"मध्ये नेमके काय धरले आहे, हे बहुतेक जण विचारतच नाहीत.

आपल्या शेतीपंपाला बऱ्याच ठिकाणी मीटर नाही. अश्वशक्तीवर ठोक हिशेब. पंप दोन तास चालो की आठ तास, आकडा तोच. फ्लॅटचेही तसेच असेल असे आपण समजतो. फ्लॅटला मात्र मीटर असतो आणि महावितरणचे बिल मालकाच्या नावावर येते. पहिल्या 100 युनिटचा दर कमी, 101 ते 300 चा बराच जास्त आणि 300 च्या पुढे आणखी चढा. चार पोरांनी 2000 वॅटचा गिझर प्रत्येकी पाव तास लावला, तर दिवसाला 2 युनिट, म्हणजे महिन्याला 60 युनिट नुसते अंघोळीचे! इंडक्शन शेगडी आणि कूलर वेगळेच. माझ्या कार्यक्षेत्रातल्या एका शेतकऱ्याचा मुलगा तीन मित्रांसोबत नऱ्हे भागात राहतो. उन्हाळ्यात मालकाने बिल जास्त आले म्हणून वरचे पैसे मागितले. कागद काहीच नव्हता. भांडण कशाच्या जोरावर करणार? पोरांनी वर्गणी काढून पैसे भरले.

यावर उपाय सोपा आहे. भाड्यात किती युनिट धरले ते करारात लिहून घ्यावे. त्यापुढचे युनिट बिलातल्या दरानेच आकारावेत, हेही लिहावे. राहायला जाताना मीटरच्या आकड्याचा मोबाईलवर फोटो काढावा आणि 12 अंकी ग्राहक क्रमांक टिपून ठेवावा. तेवढ्या क्रमांकावर बिल घरबसल्या पाहता येते.

पाण्याचे दुखणे वेगळे. 2017 मध्ये 11 आणि 2021 मध्ये 23 गावे पुणे महापालिकेत आली. वाघोली, मांजरी, नऱ्हे, सूस ही त्यातलीच. भाडे थोडे कमी म्हणून आपली पोरे तिकडे राहतात. पण नळाचे पाणी सगळीकडे पुरेसे पोचलेले नाही, अनेक सोसायट्या टँकरवर आहेत. टँकरची वर्गणी कोणाकडे, हे आधीच विचारावे. सोसायटी मालकाकडून भाडेकरू ठेवल्याबद्दल बिनभोगवटा शुल्क घेते. 1 ऑगस्ट 2001 च्या शासन आदेशानुसार ते सेवाशुल्काच्या 10 टक्क्यांपेक्षा जास्त नसावे. ते मालकाने भरायचे असते, तरी कधी कधी ते हळूच भाडेकरूच्या अंगावर येते.

आता कागदाचे. "11 महिन्यांचा करार, नोंदणी कशाला?" असे एजंट सांगतात. ते खरे नव्हे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा 1999, कलम 55 प्रमाणे करार लेखी आणि नोंदणीकृत हवा, मुदत कितीही असो. जबाबदारी मालकाची, न केल्यास 3 महिन्यांपर्यंत कैद, 5000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. शिवाय नोंदणी नसेल आणि वाद झाला, तर उलट सिद्ध होईपर्यंत अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे ग्राह्य धरतात. खर्चही फार नाही. 18,000 भाडे, 50,000 अनामत आणि 11 महिने धरले तर मुद्रांक शुल्क सुमारे 500 रुपये, शहरात नोंदणी फी 1000. नोंदणी ऑनलाइन होते. हाच करार पोराला पत्त्याचा पुरावा म्हणूनही कामी येतो. पोलीस पाटील मंडळींनीही ध्यानात ठेवावे, भाडेकरूची माहिती पोलिसांना देताना गावचा कायमचा पत्ता लिहावा लागतो. कधी गावाकडे विचारणा झालीच, तर घाबरण्यासारखे काही नाही.

एक गोष्ट मुदतीची. जुलैत केलेला 11 महिन्यांचा करार मेअखेर संपतो. परीक्षा कधी कधी जूनपर्यंत लांबते. मुदत संपल्यावर ताबा न दिल्यास मालकाला कायद्याने दुप्पट भाडे मागता येते. म्हणून परीक्षेचा महिना धरूनच तारीख घालायला पोराला सांगावे.