दोघांच्या हातची मोटार

अमेरिकेंतील कित्येक घरांच्या गॅरेजांत एखादी जुनी मोटार सुटी करून ठेवलेली असते, आणि पति-पत्नी सुटीच्या दिवशीं मिळून तिची जुळणी करीत असतात. अशा कांहीं मोटारींस तिकडे ‘मसल कार’, म्हणजे बलदंड गाडी, असें नांव आहे. मध्यम आकाराच्या गाडींत मोठ्या गाडीचें एंजिन बसवावयाचें, ही त्यांमागील युक्ति. पाँटिअॅकची १९६४ सालची ‘जी. टी. ओ.’ ही त्यांतील नामांकित गाडी होय. तिचें आठ सिलिंडरांचें एंजिन ३८९ घन इंचांचें असून त्याची शक्ति ३२५ अश्वशक्ति सांगितली जात असे. पुढें विम्याचे चढे दर, हवेच्या शुद्धीचा १९७० चा कायदा आणि १९७३ ची तेलटंचाई यांमुळें या गाड्यांचा बहर ओसरला.

अशी गाडी सुटी करण्यास थोडे दिवस पुरतात. जोडण्यास मात्र वर्षें लागतात. म्हणून पहिल्या दिवसापासून नोंद ठेवावी लागते. एकानें बोल्ट काढावा, दुसऱ्यानें तो पिशवींत घालून वर चिठ्ठी लावावी आणि भाग निघण्यापूर्वीं त्याचें छायाचित्र घ्यावें. ही शिस्त मोडली कीं पेट्या भरतात, पैसा गुंततो, आणि घरांत कामाऐवजीं कुरबूर सुरू होते. किती खर्च करावयाचा, हें दोघांनीं आधींच ठरविलेलें बरें.

गंज रंगाखालीं लपलेला असतो. यासाठीं गालिचा उचलून तळाचा पत्रा, मागील सामानाची जागा व चाकांवरील कमानी पाहाव्या. कुजलेला पत्रा कापून नवा जोडावा लागतो. त्यावर नुसता रंग चढविल्यानें दोष झांकतो, जात नाहीं. दार किंवा बॉनेट बसवितांनाही एकानें तोलून धरावें, दुसऱ्यानें बिजागरीचे बोल्ट कसावे.

परंतु दोघांच्या एकमताची खरी कसोटी ब्रेकमध्यें लागते. या गाडीच्या चारही चाकांच्या ब्रेकना तेलाचा दाब एकाच मार्गानें पोंचतो. एके ठिकाणीं गळती झाली तर पायाखालचा ब्रेक सर्वस्वीं निकामी होतो. जुन्या ब्रेकच्या अस्तरांत अॅस्बेस्टॉस असतो, म्हणून त्यांतील धूळ फुंकून उडवूं नये. तोंडावर योग्य मुखवटा बांधून ती ओलसर करून पुसावी. नव्या नळ्या बसविल्यावर तेलांतील हवा काढावयाची असते. एकानें आंत बसून ब्रेक दाबून धरावा. दुसऱ्यानें चाकामागील स्क्रू सैल करून बुडबुड्यांसह तेल बाहेर येऊं द्यावें, स्क्रू घट्ट करावा आणि मगच ‘सोड’ म्हणावें. त्याआधीं पाय उचलला तर हवा पुन्हां आंत शिरते. सर्वांत दूरच्या चाकापासून आरंभ करून हाच क्रम चारही चाकांस चालवावा, आणि टांकींतील तेल संपूं देऊं नये.

एकमेकांस न दिसणाऱ्या दोन माणसांचें हें काम केवळ शब्दावर चालतें. पाय घट्ट ठरेपर्यंत गाडी जागची हलवूं नये. तिची गति कितीही कौतुकाची असो, पहिल्या फेरीस निघणाऱ्या दोघांचे प्राण त्या चार चाकांवर केलेल्या कामाच्या स्वाधीन असतात.