डोंगरावरचें लग्न आणि ऋतूची निवड

शनिशिंगणापुरांत घरांना दारें लावण्याची रीत नाहीं, ही गोष्ट महाराष्ट्रांत लहानथोरांस ठाऊक आहे. उघड्या चौथऱ्यावर उभी असलेली सुमारें साडेपांच फूट उंचीची काळी शिळा हें तेथील दैवत. तिच्यावर छप्पर नाहीं, आणि परंपरेप्रमाणें गांवच्या चौकटींना कडीकुलूपही नाहीं. अशा गांवांतील, किंवा त्याच नेवासें तालुक्यांतील एखादें तरुण जोडपें मनाशीं बेत करूं लागतें कीं, मांडव नको, वाजंत्री नको, पांचशें पानांची पंगत नको. दोघांनींच पश्चिमेच्या डोंगरांत जावें आणि तेथें लग्न करून यावें. कधीं हा बेत हौसेचा असतो, कधीं खर्चाच्या धास्तीचा, आणि पुष्कळदां घरच्यांच्या नकाराचा. कारण कोणतेंही असो, पहिला प्रश्न हाच उभा राहतो कीं, जावें तें कोणत्या ऋतूंत?

हा प्रश्न दिसतो तितका सोपा नाहीं. त्याचें उत्तर देण्यास तीन पंचांगें उघडावीं लागतात: एक आकाशाचें, दुसरें रूढीचें आणि तिसरें कायद्याचें. तरुण मंडळी बहुधा पहिलें पाहतात, त्यांचे आईबाप दुसरें पाहतात, आणि तिसऱ्याची आठवण कोणासच होत नाहीं. पुढें ज्या अडचणी उभ्या राहतात त्या मात्र पुष्कळशा ह्या तिसऱ्यामुळेंच.

पळून जाऊन लग्न करणें ही कांहीं आजची टूम नव्हे. विदर्भाच्या राजकन्येनें, रुक्मिणीनें, श्रीकृष्णास गुप्तपणें निरोप धाडला, आणि देवीच्या दर्शनास आलेली असतां ती त्याच्या रथांत बसून गेली, ही कथा मराठी घराघरांतून वाचली गेली आहे. एकनाथांनीं ती 'रुक्मिणीस्वयंवर' ह्या ग्रंथांत ओवीबद्ध केली, आणि आपल्या मुलीचें लग्न जमावें म्हणून त्याच ग्रंथाचें पारायण करविण्याची चाल पडली. ज्या समाजानें शेजारच्या मुलीच्या पळून जाण्यास नाक मुरडलें, त्यानेंच हरणाची ही कथा आपल्या मुलीच्या हातीं भक्तिभावानें दिली! ह्या कथेंतील एक बारकावा लक्षांत घेण्याजोगा आहे. रुक्मिणीनें केवळ 'मला घेऊन जा' असें कळविलें नाहीं. कोणत्या दिवशीं, कोणत्या निमित्तानें आपण नगराबाहेरच्या देवळांत येऊं, हेंही तिनें कळविलें. धाडसाइतकेंच महत्त्व तिनें वेळेच्या निवडीस दिलें.

आतां आधीं भूमि पाहूं. अहिल्यानगर जिल्हा, म्हणजे पूर्वीचा अहमदनगर, पूर्वेस माळरान आणि पश्चिमेस सह्याद्रीचा कडा असा पसरलेला आहे. शिंगणापूर कमी पावसाच्या पट्ट्यांत येतें. उलट अकोले तालुक्याच्या पश्चिम टोकास कळसूबाई, रतनगड आणि हरिश्चंद्रगड उभे आहेत. कळसूबाईची उंची १,६४६ मीटर. महाराष्ट्रांतील हें सर्वांत उंच शिखर. ह्या मुलखास राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा नाहीं, परंतु १९८६ सालापासून तो 'कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य' म्हणून संरक्षित आहे. रतनगडाच्या कुशींत उगम पावणारी प्रवरा १९२६ सालीं पुऱ्या झालेल्या भंडारदऱ्याच्या धरणांत सांठते, अकोले व संगमनेर करीत खालीं येते, आणि नेवासें तालुक्यांतच प्रवरासंगमास गोदावरीला मिळते. शिंगणापुराकडचें जोडपें ह्या डोंगरांत जातें, तेव्हां तें एका परीनें आपल्याच नदीच्या माहेरीं जात असतें.

पण माहेर आणि सासर ह्यांच्या हवेंत जमीनअस्मानाचें अंतर आहे. नेवाशाच्या बाजूस वर्षाचा पाऊस पांच-सहाशें मिलिमीटरांच्या आसपास. तर कड्याच्या कांठावरील घाटघर येथें तो कित्येक वर्षीं पांच हजार मिलिमीटरांच्या वर जातो. कारण उघड आहे. अरबी समुद्रावरून येणारे बाष्पयुक्त वारे कोंकणांतून येऊन सह्याद्रीस धडकतात, वर चढतांना थंड होतात आणि आपलें ओझें कड्यावरच रितें करतात. पूर्वेकडे उतरतांना त्यांच्यापाशीं देण्यास फारसें उरत नाहीं. म्हणून शिंगणापुराच्या अंगणांत उभें राहून कळसूबाईच्या हवेचा अंदाज बांधणें हीच पहिली चूक होय. खालीं पेरणीसाठीं पावसाची वाट पाहिली जात असतां वर मात्र ओढे वाट अडवून बसलेले असतात.

आकाशाचें पंचांग क्रमानें पाहिलें तर असें दिसतें. मे महिन्याच्या अखेरीस आणि जूनच्या आरंभीं, पहिल्या सरींच्या आगेमागें, भंडारदरा-घाटघराच्या झाडांवर काजव्यांचे थवेच्या थवे लुकलुकूं लागतात. दृश्य अपूर्व असतें, पण तें पाहण्यास जमणारी गर्दीही अपूर्व असते, व एकांताचा हेतु साधत नाहीं. पुढें जून ते सप्टेंबर हे महिने धबधब्यांचे. चित्रांत ते सर्वांत सुंदर दिसतात; प्रत्यक्षांत धुक्यानें चार हात पलीकडचें दिसत नाहीं, खडक शेवाळलेला असतो, आणि कळसूबाईच्या वाटेवरील लोखंडी शिड्यांवर पाय ठरत नाहीं. सप्टेंबरच्या उत्तरार्धापासून ऑक्टोबरांत पाऊस ओसरतो आणि सोनकीच्या पिवळ्या फुलांनीं उतार भरून जातात. कारवीची पाळी असेल तर त्यांत जांभळ्या-निळ्या रंगाची भर पडते. परंतु ही कारवी सात-आठ वर्षांतून एकदांच फुलते, तेव्हां तिच्या भरंवशावर लग्न ठरवूं नये. ह्या दिवसांत दुपारनंतर विजांसह वळवासारख्या सरी येतात आणि उघड्या माथ्यावर त्यांपासून आसरा नसतो.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ स्वच्छ आकाशाचा. धरणांत पाणी भरपूर, वाटा कोरड्या, हवा चालण्यास सुखकर. मात्र रात्री चांगल्याच थंड असतात, माथ्यावर वारा बोचरा असतो, आणि सायंकाळीं सहाच्या सुमारास दिवस मावळतो. मार्चपासून मेपर्यंत गवत वाळून कोळ होतें, गडावरचीं टाकीं आटूं लागतात, आणि वणव्याचें भय असतें. करवंदें आणि जांभळें हीच काय ती त्या दिवसांची भेट.

वणव्याची गोष्ट विवाहाशीं निगडित आहे, हें सहसा ध्यानांत येत नाहीं. वैदिक पद्धतीच्या लग्नांत अग्नि हवा. आणि वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ प्रमाणें अभयारण्यास धोका पोंचेल अशा रीतीनें विस्तव पेटविणें हा अपराध आहे. तेव्हां होम आणि सप्तपदी करावयाची असल्यास ती पायथ्याच्या गांवांत, घराच्या सारवलेल्या अंगणांत करावी, आणि नंतर डोंगर चढावा. अभयारण्यांत प्रवेशासाठीं वनखात्याच्या नाक्यावर नोंद व शुल्क असतें. फटाके आणि कर्णे तेथें वर्ज्य समजावे. ज्यांस शिखरच हवें असा हट्ट नाहीं, त्यांस रतनवाडीच्या अमृतेश्वराच्या प्राचीन देवळाचा परिसर किंवा जलाशयाचा कांठ पुरेसा रम्य आहे.

रूढीचें पंचांग सर्वांच्या परिचयाचें. आषाढ शुद्ध एकादशीपासून कार्तिक शुद्ध एकादशीपर्यंत चातुर्मास. त्यांत लग्नें होत नाहींत. तुळशीचीं लग्नें लागलीं कीं माणसांचींही लागूं लागतात. पौषांत पुन्हां खंड पडतो. मग माघ, फाल्गुन, वैशाख व ज्येष्ठ. मुहूर्त मानणें न मानणें हा ज्याच्या त्याच्या श्रद्धेचा भाग. परंतु घरच्यांचा रोष आधींच ओढवलेला असतां, 'निदान दिवस तरी चांगला पाहिला होता' हें वाक्य पुढें समेटाच्या वेळीं फार उपयोगी पडतें, हेंही खोटें नाहीं.

उरलें कायद्याचें पंचांग. डोंगरावर एकमेकांस हार घातले, छायाचित्र काढलें, एवढ्यानें विवाह होत नाहीं. हिंदु विवाह कायदा, १९५५ प्रमाणें दोघांपैकीं एकाच्या तरी पक्षाचे रूढ विधि व्हावे लागतात. ते झालेच नसतील तर नुसतें नोंदणीचें प्रमाणपत्र त्या लग्नास आधार देऊं शकत नाहीं, असें सर्वोच्च न्यायालयानें २०२४ सालीं स्पष्ट केलें आहे. विधि नकोत, किंवा दोघांचे धर्म भिन्न आहेत, अशांसाठीं विशेष विवाह कायदा, १९५४ आहे. त्याप्रमाणें वराचें वय एकवीस व वधूचें अठरा पुरें झालेलें असावें. दोघांपैकीं एकजण तरी निदान तीस दिवस ज्या जिल्ह्यांत राहिला असेल, तेथील विवाह अधिकाऱ्याकडे लेखी नोटीस द्यावी लागते. ती कचेरींत ठळक जागीं लावली जाते. तीस दिवसांत कायदेशीर हरकत न आली, तर दोघांनीं तीन साक्षीदारांसमक्ष प्रतिज्ञेवर सह्या करून विवाह करावयाचा. हरकतीचीं कारणें कायद्यानें ठरवून दिलेलीं आहेत: पहिलें लग्न कायम असणें, वय पुरें नसणें, निषिद्ध नातें असणें, विवाहास संमति देण्याजोगी मनाची स्थिति नसणें. आईबापांची नापसंती हें त्यांतील कारण नव्हे. आणि नोटिशीपासून तीन महिन्यांत विवाह झाला नाहीं, तर ती नोटीस रद्द होऊन सर्व कांहीं पुन्हां आरंभापासून करावें लागतें.

हीं तिन्ही पंचांगें शेजारीं ठेवलीं म्हणजे उत्तर आपोआप मिळतें. कोजागिरीच्या सुमारास नोटीस द्यावी. तेव्हां डोंगरावर शेवटच्या सरी पडत असतात व चढण्यांत अर्थ नसतो. तो महिना कायद्याचा. त्याचे तीस दिवस कार्तिकी पौर्णिमेच्या आसपास भरतात, आणि त्याच सुमारास तुळशीचीं लग्नेंही आटोपतात. तेथून पुढें मार्गशीर्ष हा आकाशाच्या दृष्टीनें निरभ्र, रूढीच्या दृष्टीनें मोकळा, आणि कायद्याच्या तीन महिन्यांच्या मुदतींत पुरता बसणारा असा महिना. एखादा दिवस चुकला, साक्षीदार आजारी पडला, कचेरीस सुटी निघाली, तरी हातीं अवधि राहतो. आधीं कचेरींत सह्या कराव्या, मग राहुरी, संगमनेर, अकोले, राजूर ह्या मार्गानें भंडारदरा गांठावा. शनिवार-रविवार टाळावे, पहांटे चढावें आणि दुपारीं उतरावें. मे महिन्याच्या घाईंत किंवा श्रावणाच्या मोहांत जे निघतात, त्यांस ह्या तिहींपैकीं एका तरी पंचांगाशीं भांडण करावें लागतें.

मात्र एक भेद विसरतां कामा नये. घरच्यांचा नकार आणि घरच्यांची धमकी ह्या दोन निराळ्या गोष्टी आहेत. जेथें जिवास धोका आहे, तेथें डोंगराचा एकांत हा आसरा नसून संकट होय. तेथें दूरध्वनि लागत नाहीं, आणि हांकेस ओ देणारें माणूस जवळ नसतें. अशा वेळीं ऋतु पाहत बसूं नये. सज्ञान व्यक्तींनीं परस्परांची निवड केली असतां कुटुंबाची किंवा जातीची संमति आवश्यक नाहीं, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयानें २०१८ सालीं दिला, आणि अशा जोडप्यांच्या रक्षणासाठीं जिल्ह्याजिल्ह्यांत विशेष कक्ष उभारण्याचे आदेश राज्यांस दिले. अशा जोडप्यानें प्रथम जिल्ह्याच्या पोलीस अधीक्षकांकडे लेखी अर्ज करावा. कळसूबाई कोठें जात नाहीं.

नोटीस भिंतीवर लागते, ह्याचें अनेकांस भय वाटतें, आणि तें निराधार नाहीं. परंतु लपवून केलेल्या लग्नास पुढें पुराव्यावांचून जें आयुष्य कंठावें लागतें, त्याचें भय त्याहून मोठें आहे; विशेषतः स्त्रीस, कारण वारसा, पोटगी आणि मुलांचा हक्क हे प्रश्न तिच्याच दारीं आधीं येतात. रूढि कायम राहते असें वाटत असतांच ती बदलते, हें शिंगणापुरानेंही पाहिलें आहे: ज्या चौथऱ्यावर स्त्रियांस मज्जाव होता, तो २०१६ सालच्या गुढीपाडव्यास त्यांस खुला झाला. घरचा रोषही असाच पुष्कळदां काळानें निवतो. तो निवेल त्या दिवशीं जोडप्याच्या हातीं डोंगरावरचें छायाचित्र असावेंच. पण त्याच्या शेजारीं तीन साक्षीदारांच्या सह्यांचा कागदही असावा.