गाता गळा घडायला वीस वर्षं लागतात

कोलकात्याच्या मेडिकल कॉलेजात 1836 साली पंडित मधुसूदन गुप्त यांनी मानवी शवाचं विच्छेदन केलं. आधुनिक वैद्यक शिकण्यासाठी एखाद्या भारतीयाने केलेलं ते पहिलं विच्छेदन मानलं जातं. कॉलेज आदल्याच वर्षी सुरू झालं होतं आणि प्रेताला हात लावणं म्हणजे बाटणं, असा तो काळ. गाण्याच्या कानासाठी नावाजलेल्या या शहराला तेव्हापासून गळा आतूनही पाहता येऊ लागला. आतून पाहिलं, की गाता गळा जन्मतःच तयार मिळतो हा आपला लाडका समज टिकत नाही. स्वरयंत्र ही मुळात श्वासनळीच्या तोंडावरची झडप आहे. कंठमण्यावर बोट ठेवून घोट गिळा: तो वर सरकतो, त्याच क्षणी स्वरतंतू मिटतात आणि अन्नपाण्याची श्वासनळीकडची वाट बंद होते. खोकताना, जड ओझं उचलताना तेच तंतू घट्ट मिटतात. आवाज नसलेल्या फुप्फुसमाशांतही अशी झडप असते. म्हणजे राखण आधी, गाणं फार नंतर.

या झडपेची घडण गर्भाच्या चौथ्या आठवड्याच्या सुमारास सुरू होते. माशांत ज्या कमानींपासून कल्ले होतात, तशाच कमानी मानवी गर्भाच्या गळ्यापाशी असतात. त्यांतल्या चौथ्या आणि सहाव्या कमानीपासून स्वरयंत्राच्या कूर्चा बनतात. या इतिहासाची खूण मोठेपणीही राहते. डाव्या स्वरतंतूला हलवणारी नस मेंदूकडून थेट गळ्यात न थांबता छातीत उतरते, महाधमनीला वळसा घालते आणि पुन्हा वर येते. गर्भात हृदय खाली सरकलं आणि नस त्याच्याबरोबर ओढली गेली. म्हणूनच छातीतल्या आजाराची पहिली तक्रार कधी कधी बसलेला आवाज असते.

जन्मानंतरही काम संपलेलं नसतं. तान्ह्या बाळाचं स्वरयंत्र इतकं वर असतं की कंठाचं झाकण टाळूच्या मागच्या भागाला जवळजवळ टेकतं. पुढे काही वर्षांत ते मानेत खाली उतरतं आणि घशात आवाज घुमायला जागा होते. स्वरतंतूंच्या आतली घडण तर त्याहून सावकाश होते. प्रौढांच्या तंतूत वरच्या मऊ थरांखाली एक चिवट बंध असतो, जो ताण सोसतो. नवजात बाळात तो नसतोच. पहिल्या चार वर्षांत तो दिसू लागतो आणि थर नीट वेगळे होईपर्यंत मूल वयात आलेलं असतं. त्या वयात मुलग्यांचे तंतू झपाट्याने लांब आणि जाड होतात, प्रौढ पुरुषात साधारण 16 ते 20 मिलिमीटरपर्यंत पोचतात आणि आवाज जवळजवळ एक सप्तक खाली येतो. मुलींचाही आवाज उतरतो, पण थोडाच.

यावर कुणी कुमार गंधर्वांचं नाव घेईल, आणि ते योग्यच आहे. बालवयातच त्यांनी मैफली गाजवल्या. पण लहान मुलाचा कान आणि स्मरणशक्ती गळ्याच्या कितीतरी पुढे असू शकतात. बालकलाकाराला ऐकून आपण थक्क होतो ते बहुधा या दोहोंमुळे. शिवाय कीर्ती मिळाल्यावरही कुमारांना बी. आर. देवधरांकडे शिकायला ठेवलं गेलं, हे आपण सोयीने विसरतो. कोवळ्या तंतूंकडून मोठ्यांचा आवाज काढून घेतला तर त्यांवर गाठी येऊ शकतात. सतत ओरडणाऱ्या मुलांत डॉक्टरांना त्या नेहमी दिसतात. टाळ्यांसाठी मुलांना तारसप्तकात ताणणं मला म्हणूनच क्रूर वाटतं.

मग आवाज फुटताना रियाज बंद ठेवायचा का? तसंही नाही. पेलेल त्या पट्टीत, हळू आवाजात गाता येतं; लय आणि राग शिकायला तर गळ्याची अडचण नसतेच. कोलकात्यातल्याच टॉलीगंजच्या आयटीसी संगीत रिसर्च अकादमीसारखी गुरुकुलं मला इथेच मोलाची वाटतात. गजाननबुवा जोशी आणि राम मराठे यांच्याकडे शिकलेले आपले गायक उल्हास कशाळकर तिथे गुरू झाले. गुरू-शिष्य एकाच आवारात असले, की आठवड्यातल्या एका तासाच्या शिकवणीत निसटणारी गोष्ट कानावर येते. पेटीच्या काळी चार पट्टीत गाणाऱ्या मुलाचा षड्ज हळूहळू काळी एककडे उतरवायचा असतो, आणि आज किती उतरवायचा हे त्याचा आवाज रोज ऐकणाऱ्यालाच कळतं.