कान बसला की ऐकू येणं गेलं?

सकाळी उठल्यावर एका कानाने ऐकू येत नाही. दुखत नाही, पू नाही, तापही नाही. शहापूर-मुरबाडच्या गावांत अशा वेळी कारण लगेच सापडतं: परवा हळदीत डीजेसमोर नाचला, माळशेज घाट उतरताना दडा बसला, नाहीतर ओढ्यात डुंबताना पाणी गेलं. उपायही ठरलेला असतो. कोमट तेलाचे दोन थेंब टाकायचे आणि चार दिवस वाट पाहायची.

घाटात दडे बसतात हे खरंच आहे. हवेचा दाब बदलतो, आवंढा गिळला की कान मोकळा होतो. पाण्याने मळ फुगला तरी कान बंद होतो. अचानक येणाऱ्या बहिरेपणाचा एक प्रकार मात्र पडद्याच्या पलीकडे, आतल्या कानाच्या शंखाकृती भागात किंवा श्रवणाच्या नसेत घडतो. तीन दिवसांच्या आत, बहुधा एकाच कानाची ऐकण्याची शक्ती ३० डेसिबल किंवा त्याहून जास्त घटते. सोबत कानात गुणगुण किंवा चक्करही असू शकते. बाहेरून कान अगदी स्वच्छ दिसतो. तेल तिथवर पोहोचत नाही, आणि पडद्याला भोक असेल तर उलट अपायच करतं.

घरी एक साधी चाचणी करता येते. तोंड मिटून ‘हूं’ असा सूर धरावा. तो बंद कानात मोठा वाटला, तर अडथळा बहुधा बाहेरच्या किंवा मधल्या कानात असतो. चांगल्या कानात मोठा वाटला, तर आतल्या कानाचा संशय घ्यावा. ही फक्त खूण आहे, निदान ऑडिओमेट्रीनेच, म्हणजे यंत्राने केलेल्या ऐकण्याच्या तपासणीनेच होतं.

सगळ्यात महागात पडणारा समज म्हणजे ‘आपोआप सुटेल’. तो अर्धा खरा आहे, म्हणूनच घातक. साधारण एक तृतीयांश ते दोन तृतीयांश रुग्णांचं ऐकणं उपचाराविनाही काही प्रमाणात परत येतं. पण कोणाचं येईल, हे आधी कुणालाच सांगता येत नाही. यावर दिल्या जाणाऱ्या स्टिरॉइड औषधाचा उपयोग होण्याची शक्यता पहिल्या दोन आठवड्यांत जास्त असते, तीही जितक्या लवकर तितकी बरी. भाताची लावणी उरकेपर्यंत थांबलं, तर नेमके हेच दिवस निघून जातात.

मुरबाडला रेल्वे नाही, कल्याण गाठायला एसटी किंवा जीप. शहापूरकरांना आसनगावहून लोकल. शहरात पोहोचण्यातच वेळ जातो. म्हणून तालुक्याच्या सरकारी रुग्णालयात कान दाखवताना ‘ऐकू येणं अचानक गेलं’ हे शब्द स्पष्ट सांगावेत आणि ऑडिओमेट्री कुठे होईल ते त्याच दिवशी विचारावं. ठाण्याच्या कळव्यातल्या छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालयाला वैद्यकीय महाविद्यालय जोडलेलं आहे. कानाबरोबर तोंड वाकडं झालं, जीभ अडखळली किंवा हातपाय लुळे पडले, तर तो पक्षाघात असू शकतो. तेव्हा थेट १०८ वर रुग्णवाहिका बोलवावी.

असा अचानक येणारा बहिरेपणा म्हणजे म्हातारपणाचं दुखणं, असंही मानलं जातं. पन्नाशी-साठीत ते जास्त दिसतं, पण कोणत्याही वयात होतं. गायिका अलका याज्ञिक यांनी जून २०२४ मध्ये स्वतःच जाहीर केलं, की विमानातून उतरल्यावर अचानक काहीच ऐकू येईना. डॉक्टरांनी विषाणूसंसर्गानंतरचा नसेचा बहिरेपणा असं निदान केलं. बहुतेक रुग्णांत तर नेमकं कारण सापडतच नाही. थोड्यांमध्ये श्रवणाच्या नसेवर गाठ निघते, म्हणून एमआरआय सांगितला तर टाळू नये.

स्टिरॉइडच्या नावाने घाबरून औषध सोडणं चूक, आणि मेडिकलमधून स्वतःच आणून घेणं त्याहून मोठी चूक. या गोळ्यांनी साखर वाढते, त्यामुळे मधुमेह असेल तर डॉक्टरांना आधी सांगायचं. गोळ्यांनी फरक पडला नाही, तर पडद्यातून आत स्टिरॉइडचं इंजेक्शन देता येतं. तेवढ्यानेही ऐकू आलं नाही, तर श्रवणयंत्र किंवा काही रुग्णांसाठी कॉक्लिअर इम्प्लांट असतं. वांद्र्याच्या अली यावर जंग राष्ट्रीय संस्थेत ऐकण्याच्या तपासणीपासून श्रवणयंत्रापर्यंतची सोय आहे.