पहिला टॉप शिवताय? कापड विणलेलंच घ्या

शिवण नुकतंच शिकणाऱ्यांना मी नेहमी एकच टॉप सुचवते: पुढचा भाग, मागचा भाग आणि अंगातच कापलेल्या अखंड बाह्या. मुंढा जोडायची भानगड नाही, चेन नाही, बटणं नाहीत. कापड सुती पॉपलिन किंवा खादी. होजिअरीसारखं ताणलं जाणारं कापड सध्या नकोच.

कापड आधी भिजवून, वाळवून, इस्त्री करा. सुती कापड पहिल्या धुण्यात आटतं, ते शिवल्यावर आटायला नको. बेतताना उभा धागा किनारीला समांतर ठेवा, नाहीतर टॉप अंगावर पिळवटतो.

विणलेलं कापड ताणलं जात नाही, म्हणून सैलपणा आपणच द्यायचा. छाती ३६ इंच असेल तर चौथा हिस्सा ९, त्यात २ इंच सैल आणि अर्धा इंच शिलाईचा: घडीवर साडेअकरा इंच. गळ्याचा घेर डोक्याच्या घेरापेक्षा मोठा हवा.

खरी मजा गळ्यात आहे! ४५ अंशांत कापलेली, सव्वा इंच रुंद उरेब पट्टी घ्या. तिरप्या धाग्यामुळे ती गोलाईवर छान वळते. गळ्याला लावताना पट्टी किंचित ताणून धरा, गळा मात्र अजिबात ओढू नका. टीप मारली की गोलाईवर टिपेच्या अलीकडेपर्यंत बारीक कात्रे द्या, पट्टी आत दुमडा, इस्त्री फिरवा, मगच दुसरी टीप. कात्रे दिले नाहीत तर गळ्याला चुण्या पडतात.

बाजू जोडताना काखेतल्या वळणावर दोनदा टीप मारा, सगळ्यात जास्त ताण तिथेच येतो.