वीस मिलिमीटर

शर्टाचा वरचा खिसा काटोलात कधी रिकामा राहत नाही. मंडीतली हिशोबाची चिठ्ठी, पेन, चष्मा आणि बहुतेकांच्या बाबतीत खर्र्याची पुडी, एवढ्यांची सोय तिथे आधीच करावी लागते. २००८ च्या दिवाळीत माझ्या खिशात या सगळ्यांच्या जोडीला एक चपटी चंदेरी डबी आली. सात मेगापिक्सेल, तीनपट झूम, जाडी वीस मिलिमीटर. नागपूरहून साठेक किलोमीटर एसटीने घरी येईपर्यंत तिच्यात खिडकीतून काढलेले चाळीस फोटो जमले होते. त्यातले सदतीस हललेले.

त्याआधी घरात आग्फा क्लिक थ्री होता. १२० चा रोल, बारा फोटो. बारा फोटोंत अख्खं लग्न बसवायचं, त्यामुळे कुणाला वगळायचं यावरून रुसवेफुगवे ठरलेले. मोठ्या आईच्या ट्रंकेत, डांबराच्या गोळ्यांच्या वासात तो राहायचा. रोलातले तीन-चार फोटो उरले, तर ते पुढच्या सणापर्यंत तसेच राहायचे. पुढे प्लास्टिकचे पस्तीस मिलिमीटरचे कॅमेरे आले, छत्तीस फोटोंची चैन आली, तरी कॅमेरा जपून ठेवायचा आणि प्रसंगाला बाहेर काढायचा, ही रीत मोडली नाही. ती या चपट्या डबीने मोडली. त्याचं श्रेय लोक मेगापिक्सेलना देतात. मी जाडीला देतो. या यंत्राचे गुण आणि खोडी, दोन्ही त्या वीस मिलिमीटरांतूनच आले आहेत.

आणि ही जाडी फुकट कमी झालेली नाही. कोडॅकच्या स्टीव्हन सॅसनने १९७५ मध्ये जोडलेला पहिला डिजिटल कॅमेरा साडेतीन किलोहून जड होता, आणि एक कृष्णधवल चित्र कॅसेटवर उतरवायला त्याला २३ सेकंद लागायचे. २००० साली कॅननचा डिजिटल इक्सस आला, तो पत्त्यांच्या जोडाएवढा. तरी जाडी २७ मिलिमीटरच्या आसपास होतीच. घोडं अडत होतं ते भिंगापाशी. झूम हवा तर भिंगांना एकमेकांपासून अंतर हवं, आणि अंतर म्हणजेच जाडी. कॅसिओने २००२ मध्ये झूमचा नादच सोडला आणि एक्सिलिम ११.३ मिलिमीटरवर आणला. त्याच वर्षी मिनोल्टाने डिमाज एक्समध्ये आत शिरणाऱ्या प्रकाशाला प्रिझमने काटकोनात खाली वळवलं. भिंगं उभ्या रांगेत बसवल्यामुळे झूम सोंडेसारखा पुढे न येता आतल्या आत सरकू लागला. मला स्वतःला २००३ च्या पेंटॅक्स ऑप्टिओ एसची युक्ती सगळ्यांत आवडते. कॅमेरा बंद केला की भिंगांचा एक संच रांगेतून बाजूला होतो आणि बाकीचे त्याच्या जागेत मागे येतात. भरलेल्या एसटीत कंडक्टर आला की आपण पाय बाजूला घेतो, तसं. हा कॅमेरा पेपरमिंटच्या गोळ्यांच्या पत्र्याच्या डबीत मावायचा.

अंगच एवढं पातळ, मग प्रकाश टिपणारा सेन्सरही चिमुकलाच. अशा बहुतेक कॅमेऱ्यांत तो सहा बाय साडेचार मिलिमीटरच्या आसपास असतो, म्हणजे पस्तीस मिलिमीटर फिल्मच्या चौकटीचा साधारण तिसावा हिस्सा. तिन्हीसांजेनंतरचा फोटो त्यामुळे रव्याच्या लाडवासारखा रवाळ यायचा. पण हाच चिमुकला सेन्सर संत्र्याच्या बगीच्यात कामाला आला. सेन्सर लहान असला की जवळच्या वस्तूचा बराच भाग एकदम स्पष्ट येतो. भिंग पानापासून चार-पाच सेंटिमीटरवर धरलं, फुलाचं चिन्ह असलेलं बटण दाबलं, की पानाखालची काळी माशी, तिच्यामागून पसरणारी कोळशी, डिंक्या लागलेल्या बुंध्यावर ओघळलेला डिंक, सगळं साफ दिसायचं. महागड्या, मोठ्या भिंगाच्या कॅमेऱ्याने हेच करायचं तर वेगळं भिंग लागतं. काटोलला डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाचं प्रादेशिक फळ संशोधन केंद्र आहे. पूर्वी तिथे फांदी तोडून पिशवीतून न्यायची, आणि मेच्या उन्हात ती पोचेपर्यंत मान टाकायची. आता फांदीबरोबर कॅमेराही जाऊ लागला. झाड उभं कसं आहे, रोग कोणत्या बाजूने चढतो आहे, हे छोट्या पडद्यावर मोठं करून दाखवता यायचं. मी तर एका वर्षी आंबिया बहाराच्या एकाच फांदीचे फोटो जानेवारीतल्या कळीपासून दिवाळीनंतरच्या तोडीपर्यंत काढले. ट्रंकेतल्या कॅमेऱ्याने हे कुणी केलं नसतं.

फ्लॅशची मात्र मोठी गंमत व्हायची. जागाच नसल्याने तो भिंगाला खेटून बसवलेला असतो. उजेड डोळ्यात सरळ शिरतो, मागच्या पडद्यावरून तसाच सरळ परततो, आणि घरातली सोज्वळ माणसं लाल डोळ्यांची होऊन बसतात. हवेत धूळ असली तर भिंगाच्या अगदी पुढ्यातले कण उजळतात आणि फोटोत पांढरे, अर्धपारदर्शक गोळे तरंगताना दिसतात. एप्रिलमधल्या एका रात्रीच्या भजनाचे फोटो मी घरी दाखवले तेव्हा मोठ्या आईने हात जोडले. "पाह्य बाप्पा, कोन कोन आलं होतं भजनाले!" मी धुळीचं शास्त्र समजावलं. तिने ते शांतपणे ऐकून घेतलं आणि त्या फोटोची प्रिंट देवघरात लावली.

उन्हात पडदा दिसायचा नाही. डोळा लावून पाहायची खिडकी जाडी वाचवण्यासाठी काढून टाकलेली. मग डोक्यावरचा दुपट्टा कॅमेऱ्यावर घेऊन जुन्या स्टुडिओवाल्यासारखं वाकायचं. बटण दाबणं आणि फोटो निघणं यांत अर्धा-पाऊण सेकंद जायचा, आणि पोळ्याच्या बैलाला तेवढा वेळ चौकटीबाहेर पडायला पुरेसा होता. शेवटी भिंगाच्या नळीत शिवारातली माती गेली. जाम नदीच्या काठचं आमचं गाव, तिथे कॅमेराही जाम झाला. हलकेच फुंकर, टाळी, पुन्हा फुंकर, या उपायांवर तो पुढे चार वर्षं चालला.

२२ मे २०१२ च्या दुपारी, दोनच्या सुमारास, काटोलवर उल्का फुटली. मोठा आवाज झाला, आणि मग आसपासच्या शिवारात दगड पडल्याच्या बातम्या येऊ लागल्या. कॅमेरा खिशात होता. तो काढून, चालू करून, भिंग कुरकुरत बाहेर येईपर्यंत आकाश कोरं झालेलं. त्या दिवसाचा माझ्याकडचा पहिला फोटो म्हणजे निव्वळ पांढरं ऊन. नंतरच्या फोटोत एका तळहातावर काळ्या सालीचा तुकडा आहे, शेजारी मापाला रुपयाचं नाणं. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या शास्त्रज्ञांनी असे तुकडे गोळा केले. २०२१ मध्ये खरगपूरच्या आयआयटीतल्या संशोधकांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या उल्केत ब्रिजमनाइट सापडल्याचं प्रसिद्ध केलं. पृथ्वीच्या खालच्या प्रावरणात हे खनिज विपुल आहे, पण तिथवर कुणाचा हात पोचत नाही. माझ्या फोटोत अर्थातच त्यातलं काही दिसत नाही. सालीवरच्या बारीक भेगा मात्र नाण्यावरच्या अक्षरांइतक्या स्पष्ट आहेत.

२०१४ च्या गारपिटीत गळलेल्या संत्र्यांचे फोटो मी तत्परतेने काढले, तारखेसकट. तारीख उमटली १ जानेवारी २००७. बॅटरी पार उतरली की कॅमेऱ्याचं घड्याळ मूळपदावर जायचं, आणि मी ते लावायला विसरलो होतो. "सात वर्षांपूर्वीच्या गारा अजून वितळल्या नाहीत का बे?" असं शेजारच्या काकाजींनी विचारलं, ते सगळ्या आळीला पुरलं. आता तो प्रश्नच उरला नाही. २०२१ पासून ई-पीक पाहणी आली आणि शेतात उभं राहून मोबाइलवरूनच पिकाचा फोटो, ठावठिकाण्यासह, जाऊ लागला. जपानी कॅमेरा-उत्पादकांच्या संघटनेच्या हिशोबात २०१० साली जगभर १२ कोटींहून अधिक डिजिटल कॅमेरे रवाना झाले होते. २०२३ साली ८० लाखही नाहीत. खिशातली जागा मोबाइलने घेतली, आणि मीही कुरकुर न करता ती दिली. खर्र्याची पुडी तेवढी अजून तिथेच आहे.

गेल्या दिवाळीत पुतणी नागपूरहून आली. तिच्या कॉलेजात मुली जुने चपटे कॅमेरे शोधत फिरतात म्हणे. सीताबर्डीत मिळाला तर भाव सांगतात. मी कपाटातून डबी काढून दिली. बॅटरी रात्रभर चार्ज केली. सकाळी भिंग अर्ध्यावर अडकलं, मी फुंकर मारली, ते बाहेर आलं. पडद्यावर त्याने तारीख विचारली. मी घड्याळ लावायला हात पुढे केला तर तिने कॅमेरा मागे ओढला.

"राहू द्या ना काका. मला तेच पाहिजे."

अंगणातल्या रांगोळीचा तिने फ्लॅश मारून फोटो काढला. कोपऱ्यात नारिंगी आकडे उमटले: १ जानेवारी २००७.